‘ते बोलतात’चा फ्रेंच उच्चार

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच क्रियापदांचा तक्ता पाहिला. हेतू चांगला, पण ‘ते बोलतात’साठी छापलेला ‘ईल्स पार-लेंट’ हा उच्चार वाचून माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला गप्प बसवेना. म्हणायचे ‘ईल पार्ल’. शेवटची ई-एन-टी ही अक्षरे मुकी आहेत. मी, तू, तो, ते या चौघांच्याही तोंडी एकच ‘पार्ल’, तोही एका झटक्यात. ओळ संपते तिथे छापताना हा शब्द ‘पार’पाशी तोडतात, घोळ तिथूनच झाला असावा. ती सोय कागदाची.

‘मग लिहायचं कशाला?’ असे मुले वैतागून विचारायची. जुन्या फ्रेंचमध्ये ते शेपूट खरेच उच्चारत. पुढे उच्चार झिजला, लेखन राहिले. अभिजात कवितेत हेच रूप ओळीच्या मध्ये आले, तर आजही दोन तुकड्यांचे मोजतात. बरे, ई-एन-टी दरवेळी मुकीच असेही नाही! ‘मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात’ या फ्रेंच वाक्यात मठ आणि उबवणे यांचे स्पेलिंग तंतोतंत एक. मात्र मठाचा शेवट नाकातून, ‘कूव्हाँ’, आणि उबवण्याचे नुसते ‘कूव्ह’.

मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपणही ‘बोलतो’ लिहून ‘बोल्तो’च म्हणतो. तसेच ‘आम्ही विकत घेतो’चे: लिहिताना मधे ई, बोलताना ‘आश्-तों’. ‘मी’च्या रूपात मात्र शेवटचा तुकडा व्यंजनाने बंद होतो, ई जागा होतो आणि डोक्यावर तिरकी रेघ घेऊन ‘आशेत्’ होतो.

तक्त्यात सर्वांत जास्त जागा द्यायला हवी होती ती शब्दांच्या सांध्यांना. ‘तो येतो’ म्हणजे ‘ई-ला-रीव्ह’, ‘ते येतात’ म्हणजे ‘ईल-झा-रीव्ह’ (झ झाडातला, झेंड्यातला नव्हे). एवढ्या एका झवर अख्खे अनेकवचन उभे आहे, आणि तक्त्यात नेमका तोच गायब.

दुरुस्ती छापणार असाल तर ‘आम्ही करतो’चे ‘फेझों’ही बदला. तिथे ए-आय लिहितात, पण ऐकू येतो आपला साधा अ: ‘फझों’. ‘तो करतो’चे ‘फे’ बरोबर आहे, ते राहू द्या.

कळावे,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका