फवारणी लॉनवर, गोचिडी जिन्यात

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था व्यवस्थापन समिती

विषय: आवारातील गोचिडी व पिसवांचा बंदोबस्त आणि लिफ्टबाबतची सूचना

स. न. वि. वि.

'कुत्र्यांमुळे किडे पसरतात, त्यांना लिफ्टमधून नेऊ नये' अशी सूचना परवा फलकावर लागली. खाली सही आपली आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. वाचून राग आला होता. तो उतरेपर्यंत दोन दिवस थांबले आणि मग लिहायला बसले.

किडे आहेत, याबद्दल वाद नाही. गेल्या महिन्यात आमच्या कुत्र्याने, बंड्याने, दोन दिवस जेवणाला तोंड लावले नाही. चार पायऱ्या चढला की बसून राहायचा, हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. रक्त तपासल्यावर एहर्लिकिया निघाला, म्हणजे गोचीड ताप. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून हे जिवाणू रक्तात उतरतात, प्लेटलेट्स घसरतात आणि दुर्लक्ष झाले तर नाकातून रक्तही येते. २८ दिवस गोळ्या चालल्या. आता तो पूर्वीसारखा घंटी वाजली की भुंकतो (शेजाऱ्यांची क्षमा मागून सांगते, ते ऐकून मला बरे वाटते). त्याच्या अंगावर गोचीड मिळाली ती एकच, कानाच्या आत, मिरीएवढी फुगलेली.

बंड्या कधीच लॉनवर जात नाही, कारण तिथे कुत्र्यांना समितीनेच मनाई केली आहे. त्याचे सगळे जग म्हणजे जिना, पार्किंग आणि मागची फरसबंद वाट. आणि आपली फवारणी होते ती फक्त लॉनवर.

कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड इमारतीत राहायला सरावलेली असते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू रक्त पिते, खाली उतरते, कात टाकते. मग आठ पायांचे होऊन पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा उतरते. पूर्ण वाढलेली मादी तिसऱ्यांदा पोटभर रक्त पिऊन उतरते, फटीत हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणजे तिच्या आयुष्यातला फार थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर जातो, बाकीचा सगळा भिंतीत. रक्त मिळाले नाही तरी ती महिनोन्महिने तग धरते. शिवाय तिला वर चढायची खोड असते, त्यामुळे जमिनीवर शोधून ती सापडत नाही. मी टॉर्च घेऊन पाहिले. ब विंगच्या मीटरच्या फळीमागे, जिन्याच्या कठड्याखालच्या भेगांत आणि वॉचमनच्या केबिनच्या चौकटीत गोचिडी आहेत. केबिनबाहेर आवारातले दोन कुत्रे झोपतात, त्यांना कोणीही औषध देत नाही.

त्यामुळे लिफ्टबंदीचा परिणाम उलटा होणार आहे. सगळे कुत्रे दिवसातून चार वेळा नेमके त्या जिन्याने जातील.

पिसवांचेही तसेच. तिसऱ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट कित्येक महिन्यांनी उघडला, तेव्हा साफसफाईला गेलेल्या बाईंचे पाय चावून लाल झाले आणि दोष आमच्या विंगमधल्या कुत्र्यांवर आला. त्या फ्लॅटच्या गॅलरीत मांजरी वस्तीला असायच्या. पिसवांचे कोष धुळीत महिनोन्महिने पडून राहतात आणि माणसाच्या चालण्याची धग, हादरा लागला की फुटतात. कोषावर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. तिथे आधी व्हॅक्यूम क्लीनर फिरवून धूळ काढावी लागते.

माझी विनंती अशी की पुढची फवारणी फटी, चौकटी, मीटरमागची जागा आणि केबिन इथे व्हावी आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा व्हावी, कारण पहिल्या खेपेला अंडी सुटून जातात. त्यानंतर भेगा सिमेंटने बुजवाव्यात. त्याच आठवड्यात सगळ्या पाळीव प्राण्यांना आणि त्या दोन कुत्र्यांनाही पशुवैद्यांच्या सल्ल्याने, वजनाप्रमाणे औषध दिले जावे. दोन्ही एकाच वेळी झाले नाही, तर एकीकडून मारलेले दुसरीकडून परत येतील. आवारातल्या कुत्र्यांच्या औषधाची जबाबदारी मी आणि आमच्या मजल्यावरचे दोघे घेतो.

फवारणीचे औषध कोणते, हे मात्र दोन दिवस आधी कळवावे. परमेथ्रिन असेल तर मांजरांना ते विषच आहे, कारण त्यांचे यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. ओल्या फरशीवरून मांजर चालले आणि नंतर पंजे चाटले तरी झटके येऊ शकतात. माशांच्या टाक्यांनाही धोका आहे. याच कारणाने, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे उरलेले थेंब कोणी मांजराला लावू नयेत.

चूक आम्हा पाळणाऱ्यांचीही आहे. बंड्याचे गोचिडीचे औषध मी दोन महिने लांबवले होते, 'एकही गोचीड दिसत नाही' म्हणून. आणि ब विंगमधले एक काका गोचिडीला काडी पेटवून चटका द्या, रॉकेल लावा असे सांगत फिरतात. कृपया त्यांना आवरा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची, नखाने चिरडायची नाही, मग जागा आणि हात साबणाने धुवायचे, एवढे पुरते. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती किंवा गडद लघवी दिसली तर लगेच डॉक्टर गाठायचा. गडद लघवी हे बबेसियाचे लक्षण असू शकते. तो परजीवी थेट तांबड्या पेशी फोडतो.

हा विषय येत्या बैठकीत घ्यावा आणि तोवर लिफ्टची सूचना उतरवावी. बैठकीआधी दहा मिनिटे काढलीत तर फळीमागची जागा प्रत्यक्ष दाखवते. टॉर्च माझ्याकडे आहे, फक्त मीटरच्या खोलीची किल्ली आणावी.

आपली नम्र,
एक सभासद, ब विंग