पाडेगावचा ऊस कुणी दिला?

महोदय,

विद्यापीठातल्या संशोधनाचा सामान्यांना काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी एकदा फलटण तालुक्यातल्या पाडेगावला जाऊन यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे, म्हणजे खुद्द विद्यापीठाहून जुने. को ७४० हा उसाचा वाण इथूनच शिवारात आला. को ८६०३२ चा संकर कोइमतूरचा, पण आपल्या मातीत तो पारखून घेतला पाडेगावने. फुले २६५ तर खारवट रानातही तग धरतो. सुरुवातीला साखर उताऱ्याचे (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याचे) कारण सांगून काही कारखाने गाळपासाठी त्याची नोंद घेईनात. शेतकऱ्यांनी लावायचा तो लावलाच!

एक वाण शिवारात यायला दहा-बारा वर्षे जातात. हजारो रोपांतून निवड, मग नवी लागवड आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारे पीक) यांच्या ठिकठिकाणी चाचण्या. बहुतेक वाण वाटेतच बाद. अशा कामाचे ‘फलित’ दर मार्चअखेर मागून काय मिळणार? त्यापेक्षा कृषी विद्यापीठांतली रिक्त पदे भरा. कारखान्यांनीही टनामागे एखादा रुपया पाडेगावसाठी काढावा. तो मात्र त्यांच्या नफ्यातून. आमच्या ऊसबिलातून होणाऱ्या कपाती आधीच काही कमी नाहीत.

– एक ऊस उत्पादक, जि. सातारा