पाच दातांसाठी अख्खा एसी बॉक्स कशाला?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं मिलिंग मशीनवर काम केलेला माणूस. पत्र लिहायची सवय नाही, पण गाडीच्या एसीतल्या एका बारक्या गिअरचे पाच दात गेले तर सर्व्हिस सेंटरनं अख्खा एसी बॉक्स बदलायला सांगितला, ही गोष्ट चार लोकांपर्यंत गेलीच पाहिजे असं वाटलं म्हणून लिहितोय.

धाकट्या भावानं पुण्याहून एक सेकंडहँड गाडी घेतली, बाहेरून आयात झालेली, बारा वर्षं जुनी, पण इंजिन एकदम झकास. गेल्या जुलैत आम्ही आईला घेऊन म्हापशाला निघालो होतो. जांबोटीपर्यंत काही नाही, कणकुंबी सोडलं आणि धुकं आणि पाऊस असं दोन्ही एकदम आलं, चोर्ला घाटाचा पावसाळा बेळगावकरांना काय सांगायचा. पुढची काच आतून धुरकट व्हायला लागली. भावानं काचेवर वारा सोडायचं बटण दाबलं तर वारा आपला पायाकडंच, आणि डॅशबोर्डच्या मागून कट कट कट कट असा आवाज, दहाबारा सेकंद, मग गप्प. परत दाबलं, परत तेच. वहिनी ओढणीनं काच पुसतेय, समोरून ट्रक येतोय, आई मागं जप करतेय. शेवटी वळण संपल्यावर कडेला गाडी घेतली आणि पाऊस कमी होईस्तोवर अर्धा तास तिथंच बसलो. एसी म्हणजे थंड हवेची चैन असं आपण समजतो, पण घाटात काच साफ ठेवणारी तीच मशिनरी आहे.

त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात नाही, तीन तास लांब न्यावी लागते, नेली. त्यांनी एक दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं की अख्खा एसी बॉक्स, म्हणजे डॅशबोर्डच्या मागचा वारा वाटणारा डबा, बदलायचा, सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, १ लाख ७० हजार, पार्ट बाहेरून यायला दीड महिना. नेमकं काय बिघडलंय विचारलं तर "युनिट फेल आहे". बिघाड शोधायच्या स्कॅनरवर बिघाडाचा काय कोड आला ते लिहून द्या म्हटलं तर तसं देत नाही म्हणाले. भाऊ गाडी तशीच घेऊन परत आला.

मग आमच्याच बाजूच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन अण्णांकडं नेली. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, हात एकदम हुशार. त्यांनी आधी काहीच खोललं नाही. फक्त ग्लव्हबॉक्स काढला, इग्निशन ऑन केलं आणि कान लावून बसले. मला म्हणाले, मामा, ह्या बॉक्सात दोनतीन झडपा असतात, एक गरम-थंड मिसळायची, एक वारा काच, छाती की पाय कुठं सोडायचा त्याची, एक बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची त्याची, आणि हरेक झडपेला मुठीएवढी एक मोटर. आवाज कुठल्या मोटरचा ते बोट लावून कळतं, थरथरते. ती वारा वाटणाऱ्या झडपेची निघाली.

तीन स्क्रू काढले, मोटर हातात. मग झडपेचा दांडा बोटानं फिरवून बघितला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा फिरला, म्हणजे झडप अडकलेली नाही, बॉक्सला काही झालेलं नाही. हे एवढं बघायला पाच मिनिटं लागली बघा! नंतर मीटर लावून मोटरला करंट येतोय का बघितलं, येत होता. मोटर कुठं उभी आहे ते कॉम्प्युटरला कळवणारी एक वेगळी पाच व्होल्टाची लाईन असते, तीही बरोबर. बाजूची टेंपरेचरची मोटर सेम टू सेम होती, ती ह्या जागी लावून बघितली तर वारा लगेच काचेवर. (हे सगळ्या गाड्यांत करू नका, नव्या गाड्यांत हरेक मोटरला आपापला पत्ता दिलेला असतो, अदलाबदल केली तर गोंधळ होतो.)

मग मोटर खोलली. आत पांढऱ्या प्लास्टिकचे चार गिअर, ग्रीस सुकून मेणासारखं पिवळं झालेलं, आणि शेवटून दुसऱ्या गिअरचे सलग पाच दात साफ गेलेले, तुकडे ग्रीसमध्ये तांदळाच्या कणीसारखे चिकटलेले. बाकीचे तेवीस दात नव्यासारखे. मोटर फिरायची, गिअर त्या जागी आला की घसरायचा, तोच कट कट. पाच दातांसाठी १ लाख ७० हजार.

पुढचं काम मग माझं होतं. मापायचा व्हर्निअर लावला, १५ मिमी बाहेरचा व्यास, २८ दात, म्हणजे अर्धा मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप). जुन्या शेडमधल्या दोस्ताकडं तो कटर होता. डेलरिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, रॉड लेथवर टर्न केला, डिव्हायडिंग हेडवर (गोलाचे सारखे भाग पाडायचं साधन) २१ भोकांची रिंग, दर दाताला हँडलचा एक पूर्ण फेरा आणि वर ९ भोकं. दुपारी बसलो, चहाच्या आत गिअर तयार. नवं ग्रीस भरलं, मोटरचं झाकण बंद करून ती परत जागेवर बसवली. अण्णांनी बॅटरी थोडा वेळ काढून परत जोडली, इग्निशन ऑन करून मिनिटभर कुणी काही दाबू नका म्हणाले, सगळ्या मोटरी आपोआप ह्या टोकाला त्या टोकाला जाऊन आपली जागा शिकल्या. काही गाड्यांत हे स्कॅनरनंच करावं लागतं. परवाच परत चोर्ल्यातून जाऊन आलो, काच आरशासारखी.

सगळ्यांनी गिअर कापत बसावं असं मी म्हणत नाही. दरवेळी मोटरच गेलेली असते असंही नाही, एका बाजूला थंड आणि दुसऱ्या बाजूला कोमट लागत असेल तर आधी एसीचा गॅस कमी आहे का बघा, फ्यूज बघा, झडपेत पेन नाहीतर वाळका पाला अडकलाय का बघा. पण आधी शोधा, मग बदला. आणि शोधायचं काम ज्यांचं आहे ते सर्व्हिस सेंटरवालेच शोधत नसतील तर गिऱ्हाइकानं कुठं जायचं?

२०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता, कारण हेच, सुटे पार्ट आणि तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात भावाला साधा एक कोड कागदावर लिहून मिळाला नाही.

माझी मागणी तीनच गोष्टींची आहे. काय कोड आला ते गिऱ्हाइकाला छापून द्या. मोटर वेगळी मिळत असेल तर वेगळी विका, बॉक्स गळ्यात मारू नका. आणि काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्या, तो त्याचाच आहे. वाचकांनीही बिल भरायच्या आधी हे तीन प्रश्न विचारावेत, उत्तर नाही मिळालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथं तक्रार करावी.

आणि एक, व्हीटीयू ह्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या गावात, आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे. अण्णा आता साठीला आलेत, त्यांच्या हाताखाली एकच पोरगा आहे, तोही दुबईला जायचं म्हणतोय. पोरांना महिनाभर अशा कारागिरांकडं पाठवायची सोय कुणी करणार असेल तर गिअर कटिंग शिकवायला मी फुकट येतो, सकाळी दहानंतर कधीही.

आपला,
एक निवृत्त मिलिंग ऑपरेटर
अनगोळ, बेळगाव