चिठ्ठीवर नाव नको

मा. संपादक,

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मागे आमच्याकडे 'इनोव्हेशन डे' झाला, म्हणजे समोसे, पिवळ्या चिठ्ठ्या आणि बाहेरून आणलेला ट्रेनर. सायन्स फिक्शनसारखा विचार करा म्हणाला, २०४० सालची आपली कंपनी लिहा. सगळ्यांनी रोबो नाहीतर ड्रोन लिहिले, मीपण तेच, खोटं कशाला बोलू. आमच्या लाईनवरच्या एका पोराने मात्र लिहिलं की २०४० मधे गाडीला इंजिनच नाही त्यामुळे आपली पिस्टन पिन भंगारवालापण घेत नाहीये. साहेब हसले, आणि बोर्डाचा फोटो काढायच्या आधी ती चिठ्ठी अलगद खिशात गेली.

आता हेच फ्रान्सचं बघा. तिथल्या संरक्षण खात्याने २०१९ ला जाहीर केलं की सायन्स फिक्शन लेखकांची 'रेड टीम' करणार, काम एकच, २०३० ते २०६० मधे सैन्याची कुठे फजिती होऊ शकते त्याच्या गोष्टी रचायच्या. एका गोष्टीत प्रत्येक माणूस स्वतःच्या डिजिटल बुडबुड्यात राहतोय, बाहेरचं काही त्याला दिसतच नाही, आणि शहरावर जैविक हल्ला झाल्यावर लोकांना बाहेर काढायचं कसं तेच सैन्याला कळेना. (आमच्या फॅमिली ग्रुपवर हे आत्ताच चालू आहे, २०६० ची वाट कशाला बघायची!) काही गोष्टी तर त्यांनी गुप्तच ठेवल्या. म्हणजे बोचणारं लिहा असं सांगून लिहून घेतलं आणि मग ते गंभीरपणे घेतलं, खिशात नाही घातलं.

आपल्याकडे यावर तोडगा कधीच सापडलाय खरंतर. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकर सरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, अक्षर ओळखू येईल म्हणून बायकोकडून लिहून घेऊन, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांना मोठ्या नावाचा फायदा नको होता, आमच्या पोराला छोट्या नावाचा तोटा झाला, पण उपाय एकच की हो, नाव झाका आणि गोष्ट वाचा.

एचआरला मी हे तोंडी सांगून बघितलं. बघू म्हणाले. पुढच्या इनोव्हेशन डेचं सर्क्युलर कालच लागलंय, चिठ्ठीवर नाव आणि एम्प्लॉयी कोड कंपलसरी.

- एक वाचक, चाकण