क्रिप्टोचा हिशेब आताच जुळवा

क्रिप्टो व्यवहारांची माहिती देश एकमेकांना देणार, ही आपल्या अंकातली बातमी वाचली. निर्णय योग्यच आहे. पण त्याची झळ विटा-आटपाडीतल्या लहान गुंतवणूकदारालाही बसेल, हे बातमीत यायला हवे होते.

१ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस (व्यवहाराच्या वेळीच कापला जाणारा कर) सुरू झाला आणि बरीच उलाढाल परदेशी एक्स्चेंजांकडे, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारांकडे, वळली. तिथे टीडीएस कापला जात नाही, म्हणजे करही नाही, असा समज पसरला. तो साफ चुकीचा आहे. एका नाण्यात १ लाख नफा आणि दुसऱ्यात तेवढाच तोटा झाला, तरी तोटा वजा होत नाही. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ३१,२०० रुपये भरावेच लागतात.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या आराखड्यानुसार २०२७ पासून देशादेशांत क्रिप्टो व्यवहारांच्या माहितीची ही देवाणघेवाण सुरू होणार आहे. आधी दाखवायचे राहिलेले उत्पन्न नंतर जाहीर करण्याच्या अद्ययावत विवरणपत्राला चार वर्षांची मुदत असली, तरी थकलेल्या कर-व्याजावरचा जादा कर उशिरानुसार २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो. एक्स्चेंज बंद पडले की खरेदी-विक्रीच्या तारखा आणि भाव हाती लागत नाहीत. तो तपशील आजच उतरवून ठेवावा. आयकर खात्याने सांगली आणि विट्यात यासाठी मराठीतून शिबिरे घ्यावीत.

— एक करसल्लागार, विटा (जि. सांगली)