डिंक्या ‘तो’ की ‘ते’, हे विचारणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

नाव कुठं घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही. पण आभार मानू नको, असं काही तुम्ही म्हणाला नव्हता.

संत्रा बागायतदारांसाठीच्या माहितीपत्रकांचं भाषांतर आम्ही आठ-दहा जण करतो. सगळ्यांनी एकच शब्द वापरावा म्हणून सामाईक शब्दसूची आहे. तिच्यात मी काटोलकडचे सव्वाशे शब्द घातले होते. दर रविवारी नागपूरहून घरी जायचं, बाबांसोबत बागेत फिरायचं आणि एकेक विचारून लिहून घ्यायचं, असे जमवलेले शब्द. तुमच्या आधी जे सूची सांभाळत होते, त्यांनी एका दुपारी ते सगळे उडवले. शेरा एवढाच : ‘मांडणी चुकीची, भाषा अशुद्ध.’ काय चुकलं, हे मी तीनदा विचारलं. एकदाही उत्तर आलं नाही. त्या दिवशी बाबांना काय सांगायचं, हेच मला कळेना.

मांडणी चुकली होती, खरं आहे. ‘ताण देणे/पाणी तोडणे’ असं मी एकाच रकान्यात तिरपी रेघ मारून लिहिलं होतं. आमचं सॉफ्टवेअर ते रेघेसकट जसंच्या तसं मजकुरात उतरवतं, हे मला ठाऊक नव्हतं. आंबिया आणि मृग हे दोन बहार एकाच ओळीत कोंबले होते. एकाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, दुसऱ्याची जून-जुलैत. दोघांचे सल्ले एकत्र कसे चालतील? आणि ‘शेतकऱ्यांना’! त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन निराळे शब्द. सूचीत असलेला शब्दच सापडेना म्हणून मी किती रात्री काढल्या! एका ओळीत एकच शब्द, तोही मूळ रूपात. पर्यायाला वेगळी ओळ. कंस आणि खुलासा शेऱ्याच्या रकान्यात. तुम्ही हे सगळं अर्ध्या तासात समजावलंत, आवाज न चढवता.

हे नियम मी पुढंमागं कुणाकडूनही शिकले असते. तो फोन मात्र तुम्हीच केलात.

संत्र्याच्या झाडाला होणाऱ्या ‘डिंक्या’ रोगाची नोंद तुमच्यापुढं होती. उदाहरण म्हणून मी बाबांचं वाक्य दिलं होतं : ‘झाडाले डिंक्या लागते.’ आधीच्यांनी त्यावरून ‘लिंग चुकलं’ असा शेरा मारला होता. आमच्याकडं ‘तो जाते’, ‘तो खाते’ असंच बोलतात, हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही. तुम्ही मला म्हणालात, “बाबा आहेत का घरी? फोन द्या जरा.” आणि बाबांना विचारलंत, “दादा, डिंक्या लागला म्हणता की लागलं?” बाबा म्हणाले, “लागला. तो लागला का झाड गेलंच समजा.” मग तुम्ही दोघं वीस मिनिटं बोलत बसलात. खोडाच्या सालीतून डिंक कसा गळतो, कलमाचा जोड मातीत गेला की रोग कसा आत शिरतो, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कधी लावायची. बाबांच्या आवाजात तो उत्साह मी कित्येक महिन्यांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं. लिंग : पु. वाक्य अक्षरही न बदलता तसंच. शेऱ्यात ‘वऱ्हाडी, काटोल भाग’. आणि नोंद कुणाची या रकान्यात माझ्या नावाआधी बाबांचं नाव.

मी ते बराच वेळ नुसतं बघत राहिले.

कोशकार डॉ. रघुवीरांनी १९४६ नंतर काही वर्षं याच नागपुरात बसून संस्कृतातून हजारो शब्द घडवले. घडवलेल्या शब्दांना आपल्याकडं मान मिळतो, मिळायलाही हवा. पण ज्याच्या तोंडी शब्द आहे, त्यालाच फोन लावून विचारणारी माणसं मला फार थोडी भेटली. चूक दाखवताना समोरच्याला लहान न करणं ही साधी गोष्ट, पण ती सापडावी म्हणून मला दीड वर्ष थांबावं लागलं.

सव्वाशेपैकी ब्याण्णव शब्द परत आले आहेत. उरलेल्यांची लिंगं बाबा स्वतः वहीत लिहून ठेवताहेत आणि ‘कोळशी’पाशी अडलेत, त्यांना त्या नावाची माशी वेगळ्या ओळीत हवी आणि पानांवर येणारी काजळी वेगळ्या ओळीत. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. सातनंतर फोन करा काका, तोवर ते ओलिताहून घरी आलेले असतात.

तुमची,
काटोलची मुलगी