अर्धबंदिस्त कोंबडीपालन : आधी लसीचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावरान अंड्याचा दर बघून आमच्या भागात अर्धबंदिस्त कोंबडीपालनाकडे वळणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यात बचत गटाच्या महिला आहेत, नोकरी न मिळालेली पोरं आहेत. मोबाइलवरच्या व्हिडिओंत त्यांना शंभर कोंबड्यांचं नफ्याचं गणित मिळतं, अडचणी मात्र कोणी सांगत नाही. मी हाच व्यवसाय करते, म्हणून हे पत्र.

पद्धत चांगली आहे. रात्री शेड, दिवसा जाळीच्या कुंपणातलं मोकळं रान. कोंबडी उकरते, किडे टिपते, मातीत लोळून अंगावरच्या उवा-गोचिड झाडते. दाटीमुळे लागणारी एकमेकींची पिसं उपटायची खोड पुष्कळ कमी होते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या जाती गावाकडच्या अशाच पालनासाठी तयार केलेल्या. पिंजऱ्यातली लेअर (खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी) वर्षाला 300 च्या वर अंडी देते, साधी गावठी 50-60. या जाती दोन्हींच्या मधल्या, आणि अंड्याला दर चांगला. कोरडवाहू घराला हा मोठा आधार आहे, हे मी अनुभवानं सांगते.

पण मोकळ्या रानामुळे खाद्याचा खर्च निम्म्यावर येतो असं सांगतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत त्या रानात काडी हिरवी नसते. लसूण घास, शेवग्याचा पाला, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) यांची सोय आधी केली नसेल तर मका आणि सोयाबीन पेंड विकतच घ्यावी लागते. कोंबडीपालनात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचाच. शिवाय कुंपण, त्यावर घारीसाठी जाळी, आणि मुंगूस खालून उकरून येऊ नये म्हणून जमिनीत गाडलेली पत्र्याची पट्टी हा खर्च धरायचं बहुतेक जण विसरतात.

पावसाळ्यात खरी परीक्षा असते. शेडच्या दारासमोरची दोन-चार हात जमीन आधी उघडी पडते. सगळ्या कोंबड्यांचा राबता तिथूनच. तिथे चिखल झाला, त्यात विष्ठा मिसळली, की रक्ती हगवण आणि जंत तिथूनच सुरू होतात. दारात मुरूम टाकायचा, रानाचे दोन भाग करून आलटून-पालटून वापरायचे, एक भाग उन्हात तापू द्यायचा. दारही सकाळी दहा-अकरानंतर उघडावं. तोवर बहुतेक कोंबड्यांचं अंडं घालून होतं, नाहीतर अंडी गवतात शोधत फिरावं लागतं. अर्ध्या एकरापेक्षा कमी जागा असणाऱ्याला शंभर पक्ष्यांसाठी असे दोन भाग करणं जमत नाही, आणि जमत नसेल तर पक्षी कमी ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्यावर शेतकऱ्याला स्वतः उपाय करता येतो. लसीवर येत नाही. मानमोडी (राणीखेत) आली की आठवड्यात शेड रिकामी होते, आणि मोकळ्या कोंबडीला शेजारच्या कोंबड्यांकडून, रानपाखरांकडून लागण व्हायचा धोका बंदिस्त कोंबडीपेक्षा जास्त. लासोटा (मानमोडीची लस) आणि देवीची लस वेळेवर द्यावीच लागते. पण लसीची कुपी येते शंभर, दोनशे, पाचशे, हजार मात्रांची. एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवायची, आणि तोवर बर्फात सांभाळायची. ज्या बाईकडे तीस कोंबड्या आहेत ती काय करणार? ती लस टाळते. मग तिच्या तीस जातात आणि वाडीतल्या बाकीच्यांच्याही.

बर्ड फ्लूचं भय वेगळंच. नवापूरला तो 2006 साली आला आणि 2021 मध्ये पुन्हा. ती मोठी बंदिस्त फार्म होती. म्हणजे भिंती बांधल्या म्हणून कोणी सुटत नाही, रोगावर लक्ष ठेवणारी यंत्रणाच गावापर्यंत यायला हवी.

राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला 50 टक्के, कमाल 25 लाख रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी किमान एक हजार मातृपक्षी (पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या) लागतात. आमच्यासारख्यांना तेवढं झेपत नाही आणि आमची मागणीही एवढी मोठी नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यानं दर महिन्याला एक वार ठरवावा, गावात कुपी फोडावी आणि वाडीवरच्या सगळ्यांच्या कोंबड्यांना त्याच सकाळी लस द्यावी. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) पशुसखी, म्हणजे जनावरांची देखभाल शिकलेल्या बायका, गावोगाव आहेत. त्यांना थर्मासची पेटी आणि मात्रेमागे थोडं मानधन दिलं तरी हे काम होईल. तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधी लिहावी, म्हणजे त्या दिवशी कोंबड्या सोडायच्या आधीच टोचून घेता येतील. पावसाळ्याआधी निदान एक फेरी व्हावी, एवढी विनंती पशुसंवर्धन विभागापर्यंत आपल्या वृत्तपत्रातून पोहोचवावी.

आपली वाचक,
एक कोंबडीपालक
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर